बोडी बुजवू नका!



ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीपासून वैनगंगेपलीकडे आरमोरीपर्यंत धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला बोडी दिसते. गावतलाव सगळ्यांचा, बोडी बहुधा आपल्याच सातबाऱ्यातली, वाडवडिलांनी खोदलेली. १९५१ साली मालगुजारी संपली, मोठे तलाव सरकारकडे गेले, पण अशा बोड्या मालकाकडेच राहिल्या. म्हणून ती राखायची की मोडायची, हेही मालकाच्याच हाती आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, बोडी बुजवून बांधी काढू का?" अर्धा एकर वाढेल म्हणून मी होकार दिला. दोन वर्षे धान आले. तिसऱ्या वर्षी धान गर्भावर असतानाच पावसाने दडी मारली. शेजाऱ्याने बोडीचे पाणी सोडून पीक वाचवले. याच्या बांध्या भेगाळल्या, लोंब्या पोचट निघाल्या. तो मला काही बोलला नाही. त्याची म्हातारी आई एवढेच म्हणाली, "बाबू, एक पाणी भेटलं असतं तर झालं असतं."

त्या एका पाण्याचा हिशेब पाहा. अर्ध्या एकराच्या बोडीत सरासरी पाच फूट पाणी साठले, तर ते सुमारे ३० लाख लिटर होते. निम्मे झिरपून आणि वाफ होऊन गेले, तरी १५ लाख उरते. एकरभर बांधीत दोन इंच पाणी भरायला २ लाख लिटर लागते. म्हणजे सात एकरांना एक पाणी! अर्ध्या एकरासाठी सात एकर धोक्यात घालावेत काय?

उन्हाळ्यात बोडीतला गाळ काढून बांधीत टाका; मात्र तळाची चिकण माती फोडू नका, नाहीतर पाणी थांबणार नाही. पाळीवरचे गवत राखा, बेशरम मुळासकट काढा. पावसाआधी सांडवा मोकळा करा. रोहू-कतल्याची बोटुकली सोडली, तर घरच्या बाईच्या हाती चार पैसे येतील.

गावातील गिरणीवाले आणि दुकानदार यांनाही सांगणे आहे. धान पिकले तरच तुमचा धंदा चालतो. गाळ वाहायला दोन दिवस ट्रॅक्टर द्या.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. २०१३ साली तर तेथील लोकांनी आपापल्या शेतजमिनीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. आपल्याला एवढे जमो न जमो, आपली बोडी तरी राखू या.

आजच पाळीवरून एक फेरी मारा. कुठे खचली आहे ते पाहा.