शुश्रूषागृहांतील चार ते सहा

‘नर्सिंग होम’ हा शब्द आमच्या पिढीच्या कानांस मुख्यतः बाळंतपणाचा वाटतो. सून नर्सिंग होमांत गेली म्हणजे पेढे केव्हां सांगावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. मुंबई प्रांतानें १९४९ सालीं अशा गृहांच्या नोंदणीचा कायदा केला, त्याच्या व्याख्येंत आजारी, जखमी व दुर्बल माणसांची शुश्रूषा करणारीं गृहें आधीं व प्रसूतिगृहें मागाहून येतात. परंतु बोलण्यांत दुसराच अर्थ रूढ झाला. आतां पुण्यासारख्या शहरांत पहिल्या अर्थाचीं गृहेंहि बरीच दिसूं लागलीं आहेत. वृद्धाश्रमांत बहुधा हिंडतींफिरतीं माणसें घेतात. ज्यांना अंथरुणावरून उठतां येत नाहीं त्यांच्यासाठीं हीं शुश्रूषागृहें. अशा एका गृहीं आमचे तीर्थरूप अण्णा गेलें वर्षभर आहेत, आणि आम्ही रोज चार ते सहा त्यांच्याजवळ असतों. ह्या दोन तासांविषयीं चार शब्द लिहावेत असें वाटतें. कारण आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं आज ना उद्यां हा प्रश्न येणार आहे, व त्याविषयीं उघडपणें कोणी बोलत नाहीं.

अण्णांचें वय ब्याण्णव. उभा जन्म पोस्टखात्यांत गेला. न्हाणीघरांत पाय घसरून त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया नीट झाली, पण ते पुन्हा पायांवर उभे राहिले नाहींत. पुढचे चौदा महिने सर्व कांहीं घरींच झालें. बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं साठी ओलांडलेली, धाकट्या बंधूंच्या कंबरेला पट्टा, दोन्ही सुना नोकरीवर. दिवसा एक बाई व रात्रीं एक माणूस ठेवला. परंतु तीं माणसें महिन्या-दोन महिन्यांनीं बदलत, आणि प्रत्येक नव्या माणसाला अण्णा कोण म्हणून विचारीत. शेवटीं डॉक्टरांनींच सांगितलें कीं, यांना आतां आठहि प्रहर शिकलेले हात पाहिजेत.

त्या दिवसापासून आप्तेष्टांत कुजबुज सुरू झाली. एका आत्याबाईंनीं पुंडलिकाचें नांव काढलें. पुंडलिकाविषयींची आमची भक्ति कोणाहून उणी नाहीं; मात्र रात्रीं दर दोन तासांनीं कूस कोणी बदलली, ह्याचा उल्लेख त्या कथेंत आम्हांस आढळला नाहीं. असो. आत्याबाईंचें बोलणें आम्हीं मनावर घेतलें नाहीं. बंधूंनीं मात्र तें फार घेतलें. ते महिन्याच्या पहिल्या तारखेस पैसे भरावयास जात, कचेरींतून पावती घेत व वर न जातां परत येत. वडिलांना तेथें पाहवत नाहीं, असें म्हणत.

कूस बदलण्याविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. निजून असलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर व खुब्यावर सतत भार पडला म्हणजे तेथील रक्तप्रवाह अडतो व कातडी मरूं लागते. ह्यासाठीं साधारण दर दोन तासांनीं कूस पालटावी लागते. हवेच्या गादीमुळें भार वांटला जातो, पण गादी घेतली म्हणून कूस पालटणें टळत नाहीं. पलंगाशीं एक तक्ता लावलेला असतो. त्यावर वेळ व ‘डावी’, ‘उजवी’, ‘उताणे’ अशी नोंद करतात. आम्ही गेल्यावर प्रथम तो तक्ता वाचतों. चाळीस वर्षें वह्या तपासल्या असल्यामुळें सगळ्या नोंदी एकाच हातानें, एकाच शाईनें, एकाच बैठकींत भरल्या असतील तर तें चटकन् ओळखूं येतें. एकदां तसें दिसलें, तेव्हां मुख्य परिचारिकाबाईंना आम्हीं शांतपणें तें दाखविलें. मग मात्र टाचा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतों. लाल डाग बोटानें दाबला असतां पांढरा होत नसेल तर लगेच सांगतों. रोज येणारा माणूस आहे, एवढें समजलें म्हणजे पलंगाकडे लक्षहि अधिक राहतें. यांत कोणाला दोष देण्याचा हेतु नाहीं, मनुष्यस्वभावच तो.

साडेचारला पेज येते. अण्णांच्या घशाची शक्ति कमी झाल्यामुळें पाणी त्यांना सर्वांत कठीण. पातळ पदार्थ श्वासनलिकेंत गेला तर फुप्फुसें सुजतात. म्हणून पाठ सरळ, हनुवटी किंचित् खालीं, लहान चमचा, आणि पहिला घोंट उतरल्याखेरीज दुसरा नाहीं. खाणें झाल्यावर अर्धा तास तरी आडवें करावयाचें नाहीं. एका वाटीला पस्तीस मिनिटें लागतात. मावशींच्या वांट्याला सहा खाटा आहेत. त्यांनीं पस्तीस मिनिटें कोठून आणावीं? आमच्यापाशीं तीं आहेत.

एकादशीचा प्रसंग मोठा झाला. अण्णांनीं सत्तर वर्षें ती मोडलेली नाहीं, आणि साबूदाण्याची खिचडी तर चिकट, घशांत अडकणारी. डॉक्टर नको म्हणाले, अण्णांनीं तोंड मिटून घेतलें. अखेर सौभाग्यवतींनीं वरीच्या तांदळाची पेज शिजवून, घोटून, गाळून डब्यांतून आणली. अण्णांनीं वास घेतला व ‘ही चालते’ म्हणाले. जानव्याचेंहि असेंच. स्नानाच्या वेळीं गुंतलें म्हणून कोणी तें काढून ठेवलें, आणि त्या संध्याकाळीं अण्णा उजव्या हातानें डावा खांदा चांचपीत राहिले. कारण कोणालाच कळेना. नवें घातल्यावर हात थांबला.

भेटीस येणाऱ्यांविषयीं एक सांगावेसें वाटतें. बहुतेकजण खाटेशीं उभे राहून प्रथम विचारतात, ‘अण्णा, ओळखलंत का मला?’ ही परीक्षा कशासाठीं? उत्तर आलें नाहीं तर येणारा खिन्न होतो व निजलेला माणूस लज्जित. आम्ही खुर्ची घेऊन त्यांच्या डोळ्यांसमोर बसतों, आधीं कानांतील यंत्राची बॅटरी पाहतों, आणि म्हणतों, ‘अण्णा, मी थोरला. आज गुरुवार, शुद्ध अष्टमी.’ तिथि सांगितली कीं त्यांची कळी खुलते. तिथीवरून ते महिन्यावर व महिन्यावरून कधीं कधीं १९६५ सालच्या मनीऑर्डरींवर जातात. विसरणें हळूहळू वाढतें, तें वेगळें. परंतु काल बरा असलेला वृद्ध आज एकाएकीं बरळूं लागला किंवा दिवसभर ग्लानींत राहिला, तर ‘वयच झालें’ म्हणून सोडून देऊं नये. लघवीच्या मार्गांतील जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, अंगांतील पाणी वा मीठ कमी होणें, नवें औषध, ह्यांपैकीं कांहींहि त्याच्या मुळाशीं असूं शकतें व उपचारानें पुष्कळदां तें उतरतें. गेल्या श्रावणांत आमच्या सुनबाईंनीं असा फरक ओळखला. ती दर मंगळवारीं येणारी असल्यामुळेंच तो तिच्या ध्यानीं आला.

२००७ सालीं केंद्र सरकारनें आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा केला. जाणूनबुजून त्यांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यांत तरतूद आहे. ह्या कायद्याप्रमाणें पाहिलें तर आमच्या बंधूंकडे कोणी बोट दाखवूं शकणार नाहीं. खर्चाचा अर्धा वांटा त्यांनीं एकदांहि चुकविला नव्हता.

संध्याकाळीं दिवे लागण्याच्या सुमारास अण्णा अस्वस्थ होतात व विचारतात, ‘घरीं केव्हां जायचं?’ ‘उद्यां’ असें आम्ही म्हणत नाहीं. उद्यांचा उद्यां येतो आणि विचारणाराचा शब्दावरील विश्वास जातो. ‘मी सहापर्यंत येथें आहें’ असें म्हणतों, कारण तें खरें असतें.

बंधूंच्या आग्रहावरून विजयादशमीस त्यांना तीन तास घरीं आणलें. खुर्चींत बसवून चौघांनीं तीन जिने चढविलें. देवघरापुढें बसून त्यांनीं हात जोडले, नातवंडांकडून सोनें घेतलें, चमचाभर खीर खाल्ली. तासाभरानें इकडेतिकडे पाहून विचारलें, ‘माझ्या खाटेवर केव्हां नेणार?’ कोणी कांहीं बोललें नाहीं. बंधु उठून सज्ज्यांत गेले.

निघतांना अण्णांनीं आपट्याचीं दोन पानें मागून घेतलीं. एक मावशींना व एक शेजारच्या खाटेवरील गृहस्थांना. तीं हातांत धरून बंधूच गाडींत त्यांच्याबरोबर बसले, आणि त्या दिवशीं प्रथमच कचेरीवरून पुढें जाऊन वर गेले. स्वयंपाकघरांत टांगलेल्या पाळीच्या कागदावर आतां बुधवारपुढें व रविवारपुढें त्यांचें नांव आहे. पेज भरवावयास त्यांना सध्यां पन्नास मिनिटें लागतात.