नगरपरिषदेच्या बांधकाम विभागातली उमेदवारी

कर्जत तालुक्यात कर्जत आणि माथेरान अशा दोन नगरपरिषदा आहेत. शेजारच्या खालापूर तालुक्यात खोपोलीची नगरपरिषद आणि खालापूरची नगरपंचायत. चारही ठिकाणी रस्ता, गटार, पाण्याची लाइन, दिवाबत्ती, स्मशानभूमी अशी कामं वर्षभर चालू असतात आणि ती समजून घेणारी माणसं नेहमीच कमी पडतात. आयटीआय किंवा बारावी करून घरी बसलेल्या मुलाला या कामात शिरायचं असेल, तर शिकता शिकता हातात चार पैसे पडतील असे रस्ते आहेत. फक्त कोणता रस्ता कुठपर्यंत जातो, हे आधी कळायला हवं.

सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेला रस्ता म्हणजे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. 2024 मध्ये ती सुरू झाली. वय 18 ते 35, महाराष्ट्राचा रहिवासी, शिक्षण चालू नसलेला आणि आधारला जोडलेलं बँक खातं असलेला उमेदवार त्यात बसतो. बारावी पास असेल तर महिन्याला 6000 रुपये, आयटीआय किंवा पदविकेला 8000, पदवीधराला 10000. नोंदणी कौशल्य विकास विभागाच्या महास्वयम संकेतस्थळावर होते आणि विद्यावेतन सरकारकडून थेट खात्यात जमा होतं. सुरुवातीला मुदत सहा महिने होती, 2025 मध्ये ती वाढवून 11 महिने केली. शासकीय आणि निमशासकीय कार्यालयाला मंजूर पदांच्या पाच टक्के इतकेच प्रशिक्षणार्थी घेता येतात. म्हणजे शंभर पदं मंजूर असतील तर पाच जण, आणि हे पाचही सगळ्या विभागांत मिळून. खालापूरसारख्या लहान नगरपंचायतीत एखाद-दुसरीच जागा निघणार, हे गृहीत धरूनच अर्ज करावा.

दुसरा रस्ता जुना, 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. 2019 च्या नियमांनी शिक्षणाप्रमाणे किमान विद्यावेतन ठरवलं: पाचवी ते नववीपर्यंत शिकलेल्याला 5000, दहावीला 6000, आयटीआयला 7000, पदविकेला 8000, पदवीला 9000. मोठ्या महापालिका, महावितरण, एसटी इथे या कायद्याखालच्या जाहिराती निघतात. प्लंबर, वायरमन, इलेक्ट्रिशियन किंवा ड्राफ्ट्समन सिव्हिल केलेल्याने त्यांच्यावर डोळा ठेवावा. कर्जतहून लोकल धरून जाण्याची तयारी असेल तर पर्याय आणखी वाढतात.

दोन्ही रस्त्यांच्या शेवटी मिळतं ते प्रमाणपत्र, नोकरी नव्हे. प्रशिक्षणार्थींनी कायम करा म्हणून मोर्चे काढले, तरी योजनेत तसा हक्क नाही. म्हणून त्या 11 महिन्यांत काय पदरात पाडून घ्यायचं, हाच खरा प्रश्न.

माझं मत विचाराल तर पहिल्याच आठवड्यात नगर अभियंत्याला भेटून साइटवर पाठवा म्हणून सांगावं. न सांगितल्यास आवक-जावक रजिस्टर आणि संगणकावरच्या नोंदी यांतच महिने निघून जातात. तेही काम आहेच, पण ते कुठल्याही कार्यालयात शिकता येतं. बांधकाम खात्यातलं शिकणं एका फाइलच्या प्रवासात असतं. प्रभागातून मागणी येते, कनिष्ठ अभियंता जागा पाहून मोजमाप घेतो, दरसूचीतले दर लावून अंदाजपत्रक होतं. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, कार्यादेश, काम, मोजमाप पुस्तिका आणि शेवटी ठेकेदाराचं बिल. एखादी फाइल अशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांखालून गेली, की पुढे सरकारी काम असो वा ठेकेदाराचं, माणूस बुजत नाही.

त्यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी मोजमाप. समजा, 50 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद सिमेंट रस्ता आहे, जाडी 15 सेंटिमीटर. गुणाकार केला की 22.5 घनमीटर काँक्रीट होतं. हीच जाडी प्रत्यक्षात 12 सेंटिमीटर भरली तर काँक्रीट 18 घनमीटर. साडेचार घनमीटरचा फरक वरून बघून कळत नाही, कारण रस्ता गुळगुळीतच दिसतो. त्यामुळे काँक्रीट ओतण्याआधी कडेच्या फर्म्याची उंची टेपने तपासायची आणि ओतताना मध्ये दोन-तीन ठिकाणी सळई घालून खोली पाहायची. टेपचं दुसरं टोक धरण्याचं काम शिकाऊ मुलाकडेच येतं. ते कंटाळून करू नये. टोक शून्यावर धरलंय की पत्र्याच्या पट्टीवर, इथूनच आकडे चुकायला लागतात. खडी-रेती मात्र गावात अजून ब्रासमध्येच बोलतात. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, साधारण 2.83 घनमीटर. अंदाजपत्रक घनमीटरमध्ये आणि ट्रकवाला ब्रासमध्ये, त्यामुळे हे रूपांतर तोंडपाठ हवं.

मोजमाप पुस्तिकेत खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर एक रेघ मारून वर नवा लिहायचा आणि बाजूला सही करायची. पानांना छापील क्रमांक असतात, पान फाडता येत नाही. नोंद अभियंत्यानेच करायची असते, शिकाऊने नाही. पण त्याच्या शेजारी बसून स्वतःच्या वहीत तीच मापं उतरवून घेतली आणि हिशेब ताडून पाहिला, तर एका हंगामात हात बसतो.

काँक्रीटच्या चाचणीचंही असंच. 150 मिलिमीटरच्या लोखंडी साच्यात काँक्रीट तीन थरांत भरून प्रत्येक थर सळईने ठासतात, दुसऱ्या दिवशी साचा सोडवून ठोकळा पाण्यात ठेवतात, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडतात. एम-20 काँक्रीटच्या ठोकळ्याने 28 दिवसांनी सुमारे 450 किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ 46 टन भार सोसला पाहिजे. ठोकळा रस्त्यावर पडणाऱ्या काँक्रीटमधूनच भरला गेला का आणि त्यावर तारीख घातली का, हे बघायला मुलाने तिथे हजर असावं. खास ठोकळ्यासाठी कालवलेलं वेगळं काँक्रीट कितीही भार सोसेल.

रुजू होण्याचा महिनाही बघावा. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनमध्ये आलेल्याला पहिले चार महिने खड्डे, तुंबलेली गटारं आणि तक्रारवहीच दिसते. दिवाळीनंतर आलेल्याला कामं सुरू होताना दिसतात, मार्चअखेरची बिलांची घाई दिसते आणि मे महिन्यातली नालेसफाई. पाणीपुरवठा शिकायचा असेल तर मात्र पावसाळाही वाया जात नाही, नदीचं पाणी गढूळ झालं की तुरटीचा डोस कसा बदलतात ते तेव्हाच कळतं. माथेरानची तऱ्हा वेगळी. वाहनबंदीमुळे सिमेंट आणि खडी, गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून पुढे घोड्यांवर किंवा हातगाडीने न्यावी लागते, त्यामुळे तिथल्या अंदाजपत्रकात वाहतुकीची बाब फुगलेली असते. तिथल्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

कायम नोकरीच्या वाटा वेगळ्या आहेत. नगरपरिषदांसाठी नगरपरिषद राज्यसेवेची वेगळी भरती असते. 2023 च्या जाहिरातीत 1782 पदं होती, त्यांत स्थापत्य अभियंत्यांची 391. त्यांना स्थापत्यची पदवी लागते. दहावीनंतर वर्षभराचा स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यकाचा अभ्यासक्रम केलेल्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदेत त्याच नावाचं पद आहे. काम बहुतेक साइटवरचं, मोजमापाचं. 11 महिने टेप धरलेल्या मुलाला ते नवं वाटणार नाही.

शाळा अर्धवट सुटलेल्या, वीटभट्टीवर किंवा ठेकेदाराकडे राबणाऱ्या कातकरी-ठाकूर पाड्यांवरच्या तरुणांना युवा कार्य प्रशिक्षण योजनेत जागा नाही, कारण तिथे बारावीची अट आहे. पाचवीपर्यंत शिकलेल्याला शिकाऊ कायद्याचं दार मोकळं आहे. शाळेचा दाखलाच नसेल, तर किमान बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंद करून घ्यावी: वय 18 ते 60 आणि गेल्या वर्षात बांधकामावर 90 दिवस काम केल्याचा दाखला. हा दाखला ठेकेदार, ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा अधिकारी देतो. ठेकेदार टाळाटाळ करत असेल तर थेट ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जावं, आणि कामाच्या तारखा साध्या वहीत रोजच्या रोज लिहून ठेवाव्यात.