लेहचे कोरडे आकाश

ढगांना ज्या प्रदेशाची वाट सहसा सापडत नाही, तेथे शेती पिकावी कशी? लडाखमधील लेहचा परिसर पाहिला म्हणजे हा प्रश्न सहज पडतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या या प्रदेशात पाऊस आणि हिम मिळून वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. नैर्ऋत्य मोसमी वारे हिमालयाच्या दक्षिण उतारावरच आपले ओझे रिते करतात. पर्वतरांग ओलांडून पलीकडे येते ती बहुतांशी कोरडी हवा.

ही हवा विरळही आहे. त्यामुळे दिवसा ऊन प्रखर लागते, आणि सूर्य मावळताच जमिनीची ऊब आकाशात निघून जाते. जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरतो. जुलैतील दुपार मात्र सुखद उबदार असते. पिकाला लाभणारा काळ एवढ्याच चार-पाच महिन्यांचा.

लडाखचा शेतकरी म्हणूनच ढगांकडे पाहत नाही, डोंगरमाथ्याकडे पाहतो. तेथील हिम वितळून ओढ्यांना पाणी येते, ते पाटांनी जवाच्या शेतात आणि जर्दाळूच्या बागांत खेळवले जाते. पाण्याच्या पाळ्या लावण्यासाठी गाव ‘चुरपोन’ नेमते. खरी अडचण पाण्याच्या वेळेची आहे. पेरणी वसंतात उरकावी लागते. उंचावरचे हिम भरपूर वितळते ते जून उजाडल्यावर. हिवाळ्यात मात्र थोडेसे पाणी निरुपयोगी वाहून जाते.

ग्रामविकास खात्यातील अभियंते चेवांग नोरफेल यांनी १९८० च्या दशकात नेमके हेच पाणी अडवले. गावाजवळच्या सावलीच्या उतारावर दगडी बांध घालून त्यांनी ते गोठवले. हा साठा कमी उंचीवर असल्याने लवकर वितळतो व पेरणीच्या कामी येतो. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात त्याच विचाराला हिमस्तूपाचे रूप दिले. निमुळत्या आकारामुळे बर्फाच्या मानाने उन्हाला पृष्ठभाग कमी मिळतो, आणि स्तूप उशिरापर्यंत टिकतो.

या कोरडेपणावर विसंबूनच येथील घरे उभी राहिली: उन्हात वाळवलेल्या विटांच्या भिंती, पॉपलरची तुळई, वर वाळुंजाच्या काटक्या आणि माती. अशा छपराला हिम सोसते, मुसळधार पाऊस सोसत नाही. ५ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्रीच्या सुमारास अतिवृष्टी होऊन चिखलाचे लोंढे आले, आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

डोंगरावरचे हिम घटले तर शेत सुकते. पाऊस अकस्मात वाढला तर घर ढासळते. पिढ्यान्‌पिढ्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या या लोकांना हवामान पालटत असताना हे दोन्ही धोके एकाच वेळी जोखावे लागत आहेत.