आकाशातले अंतर (भाग ४) : अर्धा तास की सव्वा तास?

दोन विमानतळांमधले अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून कसे मोजतात, ते मागच्या भागात पाहिले. आता तोच हिशेब आपल्या आदिलाबाद जिल्ह्यावरून जाणाऱ्या वाटेला लावू. नागपूर आणि हैदराबादचा शमशाबाद विमानतळ यांच्यातले सरळ अंतर सुमारे ४३३ किलोमीटर, म्हणजे वैमानिकाच्या हिशेबात २३४ सागरी मैल. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढा, ती उटनूरजवळून जाते. बाजारहत्नूर तिच्या पश्चिमेला, पन्नासेक किलोमीटरवर राहते.

जेट विमान उंचावर ताशी आठशे किलोमीटरच्या घरात उडते. भागाकार केला तर जेमतेम अर्धा तास. तिकिटावर मात्र सव्वा तासाच्या आसपास छापलेले असते. मधला पाऊण तास कुठे जातो?

पहिली गोष्ट, तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसतेच. विमान जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते आणि मुक्कामी जाऊन थांबले की बंद. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, परवानगीसाठी थांबणे, उतरल्यावर पुन्हा रांगणे, सगळे त्यात आले. शिवाय उशीर पोटात घालायला कंपन्या थोडी जास्तीची वेळ धरतात. वेळेआधी पोहोचल्याची घोषणा ऐकून खूश होण्याआधी हे आठवावे!

दुसरी गोष्ट धावपट्टीच्या दिशेची. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडते. नागपूरची धावपट्टी वायव्य–आग्नेय आहे. वारा वायव्येचा असेल, तर दक्षिणेला जायचे विमान आधी वायव्येकडे उडते आणि मग वळते. शमशाबादच्या धावपट्ट्या पूर्व–पश्चिम, त्यामुळे उत्तरेकडून आलेल्या विमानाला तिथेही वळसा पडतो. त्यात दहा हजार फुटांखाली वेग साधारण २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. एवढ्या छोट्या प्रवासात पूर्ण वेगाचा पल्ला थोडाच उरतो.

मार्च २००८ मध्ये हैदराबादची प्रवासी विमानसेवा बेगमपेठच्या जुन्या विमानतळावरून शमशाबादला हलली. नागपूरहून येणाऱ्या विमानाची वाट त्यामुळे वीस-पंचवीस किलोमीटरने वाढली. त्याला दोन-तीन मिनिटे पुरतात. आदिलाबादहून गाडीने विमानतळ गाठणाऱ्याला मात्र अख्खे शहर ओलांडून दक्षिणेला जावे लागते.

आणि बाजारहत्नूरकरांसाठी? हैदराबाद गाठायला ही विमानवाट निरुपयोगी आहे. दोनशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला नागपूरला जायचे, तिथे तासभर आधी हजर व्हायचे आणि आपल्याच जिल्ह्यावरून मागे यायचे, यात शहाणपण नाही. त्यापेक्षा इचोड्याला येऊन महामार्गावरची बस पकडावी. मुंबई-दिल्लीला जायचे असेल, तर नांदेड, नागपूर आणि हैदराबाद तिन्हींकडच्या वेळा पाहा आणि घरापासून विमानतळापर्यंतचे तास त्यात मिळवूनच तिकीट काढा.