नाल मोडणारा राजा आणि कपबश्यांचं वेड

घोड्याचा नाल दोन्ही हातांनी धरून ओढून बघा. जाम हलणार नाही! जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मात्र एक मोडका नाल जपून ठेवलाय. १५ फेब्रुवारी १७११ रोजी तो नुसत्या हातांनी मोडला गेला, अशी त्याची नोंद आहे. मोडणारा होता सॅक्सनीचा अधिपती फ्रेडरिक ऑगस्टस, म्हणजेच ‘बलदंड ऑगस्टस’. (लोखंड ठिसूळ असेल तर ते कटकन तुटतं, त्यामुळे मला त्या नालाचाही थोडा संशय येतो.)

ऑगस्टस जन्मला १६७० साली. राजघराण्यातला खरा, पण धाकटा. तेव्हा जर्मनीत शेकडो लहानमोठी संस्थानं होती आणि भावाभावांत वाटण्या होऊन काही तर अगदीच चिमुकली झाली होती. ऑगस्टसच्या भाऊबंदांपैकी गोथाच्या अर्न्स्टला सात मुलगे. तो वारल्यावर त्यांनी १६८० मध्ये राज्याचे चक्क सात तुकडे केले! सॅक्सनीचा अधिपती मात्र ‘इलेक्टर’ होता, म्हणजे सम्राट निवडायचा मान असलेला. त्या मानाबरोबरचा मुलूख तोडायचा नाही, थोरल्यालाच द्यायचा, असा १३५६ पासूनचा कायदा. धाकट्याने मग फ्रान्स-इटली फिरून यावं, राजवाडे बघून हरखावं, एवढंच.

पण १६९४ मध्ये थोरल्या भावाला देवी आल्या आणि तो गेला. देवीची लस निघायला अजून शंभर वर्षं होती, राजवाड्यातही त्यावर इलाज नव्हता. असा ऑगस्टस गादीवर आला. तीन वर्षांनी धर्मपंथ बदलून तो पोलंडचाही राजा झाला.

हातात पैसा आला आणि त्याला वेड लागलं चिनी मातीच्या भांड्यांचं! आपला माठ पाझरतो, कारण त्याच्या मातीत बारीक बारीक छिद्रं असतात. चीनमधून येणारी भांडी पांढरीशुभ्र, पातळ आणि थेंबभरही न पाझरणारी. ती कशी बनतात, ते युरोपात कुणालाच ठाऊक नव्हतं. १७१७ मध्ये ऑगस्टसने प्रशियाच्या राजाला आपले सहाशे घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात १५१ भांडी घेतली. त्या सैनिकांना कुणी विचारलं असेल, असं वाटत नाही.

सैनिक देऊन भांडी घेण्याआधीच त्यांचं गुपित त्याच्या कैदेत उलगडलं होतं. योहान ब्योटगर नावाचा एक पोरगा औषधांच्या दुकानात उमेदवारी करायचा. ‘मी सोनं बनवतो’ अशी त्याची बढाई होती. ऑगस्टसने त्याला कोंडूनच ठेवलं: बनव सोनं! सोनं कुठलं बनतंय? पण तिथे चिर्नहाउस नावाचा शास्त्रज्ञ मोठमोठ्या भिंगांनी आणि आरशांनी ऊन एका जागी गोळा करून माती वितळवून बघत होता. त्याने ब्योटगरला या कामात ओढलं. १७०८ मध्ये जमलं! केओलिन नावाची पांढरी माती घ्यायची, तिच्यात अलाबास्टर दगडाची पूड मिसळायची आणि भट्टी १३०० अंशांच्या वर तापवायची. मग त्यातला काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि छिद्रं बुजवून टाकतो. केओलिन आपला आकार धरून ठेवते, म्हणून भांडं कोसळत नाही. १७१० मध्ये माइसेनला कारखाना निघाला. तो आजही चालू आहे.

ऑगस्टसच्या खजिन्यातली एक वस्तू आपल्याला चांगलीच ओळखीची वाटेल. सोनार डिंगलिंगरने १७०१ ते १७०८ या काळात सोनं, मीनाकारी आणि हजारो हिरे वापरून औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दिल्ली दरबार घडवला. छोटी छोटी माणसं, हत्ती, उंट, भेटवस्तू, सगळं काही! डिंगलिंगर भारतात कधी आलाच नव्हता, त्याने प्रवाशांच्या पुस्तकांवरून काम भागवलं. आणि खरा औरंगजेब तेव्हा दिल्लीत होता कुठे? तो महाराष्ट्रात मराठ्यांशी लढत किल्ल्यामागून किल्ल्याला वेढे घालत होता. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ तो वारला, तेव्हा ड्रेस्डेनमध्ये त्याच्या वाढदिवसाचा दरबार अजून पुरा व्हायचा होता.

ऑगस्टस १७३३ मध्ये वॉर्सात वारला. मुलाला सॅक्सनी मिळालं, लढून पोलंडही मिळालं. पण १७५६ मध्ये प्रशियाची फौज सॅक्सनीत घुसली आणि त्याला वॉर्साला निघून जावं लागलं. १७६३ मध्ये तो वारल्यावर पोलंडचा मुकुटही घराण्याकडून गेला. सहाशे सैनिक देऊन आणलेल्या भांड्यांतले उंच निळे-पांढरे कलश मात्र ड्रेस्डेनमध्येच आहेत.