दुधाच्या तालुक्यात दुधावाचून

‘व्हीगन माणूस श्रीगोंद्यात जाऊन खाणार काय?’ पुण्यातले मित्र मला हे हमखास विचारतात. त्यांचंही चुकत नाही. ऊस, लिंबू आणि दूध यांवर उभा असलेला हा तालुका. पहाटे गावोगाव संकलन केंद्रांवर दुधाच्या किटल्या, शनिवारी काष्टीला जनावरांचा बाजार, आणि गोठा नसलेलं शेतकऱ्याचं घर शोधावंच लागेल. अशा मुलखात दूध, दही, तूप, लोणी, ताक, पनीर, मध यांतलं काहीच न घेणारा माणूस म्हणजे लग्नाला येऊन पंगतीला न बसणारा पाहुणा! पण दौंड-मनमाड रेल्वेच्या या पट्ट्यात मी बरीच वर्षं हौसेने भटकतोय आणि माझं मत ठाम झालंय. चकचकीत हॉटेलापेक्षा इथल्या जिरायती स्वयंपाकघरात माझं पोट लवकर भरतं.

थोडा इतिहास, कारण संपादकांना तो लागतो. १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी काढली. १९९४ पासून १ नोव्हेंबर हा जागतिक व्हीगन दिन, म्हणजे बहुतेकदा आपल्या दिवाळीच्या आगेमागेच. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले. पाकिटावरचा हिरवा ठिपका मात्र दुधाला चालतो, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नये. आणि दूधदुभतं सोडलेल्याने बी-१२ ची गोळी विसरू नये. झाला इतिहास.

श्रीगोंद्यात आल्यावर माझी पहिली खरेदी उसाच्या रसाची. आलं घातलेला, वर इथलंच लिंबू पिळलेला. लिंबाचा आणखी एक उपयोग म्हणजे कोरा चहा. टपरीवर ‘दूध नको’ म्हटलं की चहावाला आधी तोंडाकडे बघतो, मग ‘पित्त झालंय का?’ विचारतो, आणि लिंबू पिळून देतो. साखरेबद्दल व्हीगन मंडळींना एक जुनी शंका असते. परदेशात काही ठिकाणी कच्ची साखर शुद्ध करताना हाडांचा कोळसा वापरतात, म्हणून तिकडचे व्हीगन साखरेच्या पाकिटाकडे संशयाने बघतात. आपले बहुतेक साखर कारखाने उसाच्या रसातून थेट पांढरी साखर काढतात. रस निवळतो तो चुन्याने आणि गंधकाच्या धुराने. तब्येतीचं काय ते डॉक्टरांना विचारा, पण हाडांची शंका घेऊन कारखान्याच्या दारात उभं राहायचं कारण नाही.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे वळतो. शेंगोळे! हुलगा, म्हणजे कुळीथ, हे हलक्या जमिनीचं आणि बेभरवशाच्या पावसाचं कडधान्य. पूर्वी बैलांना, घोड्यांना खुराक म्हणून घालायचे. माणसं त्याचं माडगं करत, कढण करत आणि शेंगोळे करत. या तिन्हींत दुधाचा थेंब नाही, कारण जिरायतदाराच्या घरात तूप सणालाच निघायचं. रोजची फोडणी करडईच्या नाहीतर शेंगदाण्याच्या तेलाची.

रस्त्याकडेच्या एका छोट्या खानावळीत मावशींनी विचारलं, “भाकरीवर लोणी टाकू का?”

“नको मावशी, दूधदुभतं बंद आहे माझं.”

“पथ्य आहे व्हय? मग शेंगोळं करते. त्याला कुठं दूध लागतंय?”

मी चुलीजवळच बसलो. हुलग्याच्या पिठात चिकटपणासाठी थोडं गव्हाचं पीठ, त्यात लसूण, जिरं आणि हिरव्या मिरचीचं वाटण, हळद, मीठ. गोळा घट्ट. तेलाचा हात लावून त्याच्या बोटाहून बारीक वळ्या, आणि दोन्ही टोकं जुळवून कडं. बोलता बोलता परात भरली, एक कडं दुसऱ्याहून जाड नाही. फोडणीचं पाणी खळखळू लागल्यावरच ती सोडायची, तीही थोडी थोडी, नाहीतर सगळ्यांचा एक गोळा होतो. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यात कालवून शेवटी रश्शात ओतायचं, म्हणजे रस्सा दाट होतो. शिजलं की नाही हे एक कडं मोडून बघायचं. आत कोरडं पीठ दिसता कामा नये. वर कच्चं तेल, शेजारी कांदा आणि लिंबू. हॉटेलात हेच शेंगोळे तुपाची धार सोडून देतात. तो चवीवर अन्याय आहे असं माझं मत. हुलग्याच्या तुरट, खमंग चवीवर तूप पांघरूण घालतं.

मावशींचा ‘पथ्य’ हा शब्द मी तेव्हापासून उचललाय. ‘तत्त्व’ म्हटलं की वाद होतो, ‘पथ्य’ म्हटलं की ताट येतं. पिठलं, ठेचा, मटकीची उसळ, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वडापाव, कोरडी भेळ, कर्जतकडची झणझणीत शिपी आमटी, सगळं सहसा तेलातलं. जपायचं ते ‘स्पेशल’ शब्दाला. काजूच्या ग्रेव्हीत मलई, नानमध्ये दही, रोटीवर लोणी, साबुदाण्याच्या खिचडीत तूप. आपल्याकडे पाहुणचार वाढला की दूधतूप वाढतं. म्हणून मी साधी खानावळ आणि साधा वार बघून जातो.

सहलीची शिदोरी हीसुद्धा एक मौजच. श्रीगोंदा हे ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या संत शेख महंमदांचं गाव. तिथून भीमेकाठी पेडगावच्या बहादूरगडावर जातात. १६८९ मध्ये कैदेतल्या संभाजी महाराजांना इथे आणलं होतं. आत लक्ष्मीनारायणाच्या देवळावरचं कोरीवकाम बघताना अर्धा दिवस सहज जातो, पण गडावर खायला मिळेल याची खात्री नाही. आणि प्रवासाची आपली हुकमी दशमी तर दुधातच भिजवतात! धपाट्यातही काही घरी दही असतं. मी तिखटमिठाच्या पुऱ्या, भाकरी आणि चटणी नेतो. शेजारच्या कर्जत तालुक्यातल्या सिद्धटेकसारख्या देवस्थानी पेढा हातावर आला तर नाकारत नाही. कपाळाला लावतो आणि शेजारच्या पोराला देतो. पोराची तक्रार नसते.

तुमच्या घरी या दिवाळीत असा कुणी पाहुणा आला तर लाडू, करंजी, अनारसे यांचा आग्रह नको. त्यांत सहसा तूप असतं. चिवडा, शेव आणि तेलाच्या मोहनाची चकली भरपूर वाढा. आणि त्याला कुठे न्यायचंच असेल तर थंडी पडून ज्वारीचं कणीस दाण्यात येऊ द्या, मग या भागात हुरड्याला न्या. गुळभेंडीचा, आगटीत भाजून हातावर चोळलेला हुरडा, लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, वर ऊस, बोरं. फक्त वाटीतून दही येतं, ते नको असल्याचं फोन करतानाच सांगून ठेवा.