कोलमचे दोन नियम आणि वाढीचा वेग

आज जरा चेन्नईला जाऊ या. तिथे सकाळी दारापुढे कोलम घालतात, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीची बहीणच म्हणा. १९७४ मध्ये गिफ्ट सिरोमणी, राणी सिरोमणी आणि कमला कृतिवासन यांनी कोलमच्या नक्षीचं व्याकरण मांडणारा शोधनिबंध लिहिला. राणीबाई तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिकवत. मोजक्या नियमांतून मोठी नक्षी कशी उभी राहते, हा त्यांचा विषय. त्यावरून आपणही एक छोटा खेळ मांडू.

नक्षीत एक पाकळी आणि एक टिंब आहे. नियम ‘अ’: प्रत्येक टिंबाशेजारी एक नवी पाकळी काढा. नियम ‘ब’: प्रत्येक पाकळीशेजारी एक नवं टिंब काढा. दर पायरीला यातला कोणताही एकच नियम लावायचा.

दहाही वेळा ‘अ’ लावला तर ११ पाकळ्या आणि १ टिंब, एकूण १२ चिन्हं. पण ‘अ’, ‘ब’, ‘अ’, ‘ब’ असे आलटून पालटून लावले तर दहाव्या पायरीला ८९ पाकळ्या आणि १४४ टिंबं, एकूण २३३! एकेकटे नियम संथ, जोडीने मात्र सुसाट.

प्रत्येक नियम म्हणजे दोन ओळींचा, दोन स्तंभांचा एक मॅट्रिक्स, आणि नियम एकापुढे एक लावणं म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार. क्रम आपल्या मर्जीचा असेल, तर दूरवर जाताना दर पायरीला सरासरी जास्तीत जास्त किती पट वाढ होईल? या आकड्याला ‘जॉइंट स्पेक्ट्रल रेडियस’ म्हणतात. रोटा आणि स्ट्रँग यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली.

तो काढायचा कसा? दोन्ही बाजूंनी चिमटा लावायचा.

खालची बाजू: एखादा गुणाकार घ्या, समजा ‘अब’. तो पुन्हा पुन्हा लावला तर दर फेरीला वाढ २.६१८ पट होते. फेरीत दोन पायऱ्या, म्हणून वर्गमूळ घ्या: १.६१८. एवढा वेग नक्की मिळतो.

वरची बाजू: ठरावीक लांबीचे सगळे गुणाकार करा आणि प्रत्येकाचा ‘आकार’ मोजा. कितीही लांब क्रम असला तरी त्याचे तेवढ्याच लांबीचे तुकडे पाडता येतात, म्हणून सर्वात मोठा आकार ही कमाल मर्यादा ठरते. आकार म्हणून ओळीची सर्वात मोठी बेरीज घेतली, तर एका पायरीला मर्यादा २, दोन पायऱ्यांना १.७३२, दहा पायऱ्यांना १.६४४. चिमटा मिटतो, पण हळूहळू.

आणि कष्ट भराभर वाढतात. वीस पायऱ्यांना गुणाकार होतात १०,४८,५७६. म्हणून ग्रिपेनबर्ग यांनी १९९६ मध्ये छाटणी सुचवली: ज्या फांदीचा वेग हाती असलेल्या खालच्या मर्यादेपेक्षा फारसा पुढे जाऊच शकत नाही, ती तिथेच तोडायची. दुसरा उपाय म्हणजे मोजपट्टी बदलणं. इथे ओळींच्या बेरजेऐवजी नेहमीच्या भौमितिक लांबीने मोजलं, तर पहिल्याच पायरीला १.६१८ येतं. वरची आणि खालची मर्यादा एक झाली, उत्तर पक्कं. हेच ते सुवर्णगुणोत्तर.

याचा उपयोग काय? समजा एखादं यंत्र दोन सेटिंगमध्ये बदलत चालतं आणि त्याचे मॅट्रिक्स आपल्या ‘अ’, ‘ब’च्या ०.६५ पट आहेत. एकेका सेटिंगवर धक्का शेवटी विरून जातो. पण ०.६५ गुणिले १.६१८ म्हणजे १.०५. आलटून पालटून चालवलं की तोच धक्का वाढत जाणार. ०.६ पट असते तर गुणाकार ०.९७ आला असता आणि कोणताही क्रम सुरक्षित ठरला असता.

मात्र हा आकडा १ च्या वर जातो की नाही, हे प्रत्येक जोडीसाठी सांगणारी एकच रीत असू शकत नाही, असं ब्लाँडेल आणि त्सित्सिक्लिस यांनी २००० मध्ये सिद्ध केलं. चिमटा १ च्या एका बाजूला मिटला तर निर्णय झाला. १ त्याच्या मधोमध अडकला तर पुढची पायरी मोजावी लागते. वही घ्या आणि ‘ब’ला निम्मं करून हाच खेळ मांडून बघा. भेटू पुढच्या भागात.